पडवीतलं कोर्ट

मी आयुष्यात एकूण बारा निकाल दिले. पहिले दहा बरोबर होते, असं आजही वाटतं. बारावा फार उशिरा आला. अकराव्यासाठी हे लिहायला बसले आहे.

मी न्यायाधीश कधीच नव्हते. महाडला मुलींच्या शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळणारी, तेवीस वर्षांची, बिनलग्नाची बाई होते. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन वरंध घाट उतरून मी महाडला आले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. "बरोबर कोण आहे?" हा पहिला प्रश्न. "कुणी नाही," म्हटलं की दार अर्धं लागायचं. भोरहून भावाचं पत्र आलेलं होतंच: पंधरा दिवसांत जागा मिळाली नाही तर नोकरी सोडून परत ये. तेराव्या दिवशी शाळेच्या शिपाईणबाईंनी मला अण्णांच्या घरी नेऊन उभं केलं.

अण्णा सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. उंच, खांद्यात वाकलेले, बोटांना कायम शाई. ओटीवर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, माझं मत विचाराल तर तुम्हाला खोली द्यावी. पण ठरवणारा मी नव्हे. या घरात कायदा काकू करतात. मी फक्त अंमलबजावणीला."

मला वाटलं, टाळतायत. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या तुडीलच्या, चेहरा हसरा, गुडघे दुखरे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस काय गो?" मी नाही म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे हिला," त्या अण्णांना म्हणाल्या आणि पान वाढायला आत गेल्या.

अण्णांनी खुंटीवरची काळी टोपी काढून डोक्यावर घातली. एका चिठ्ठीवर 'मागची पडवी बाईंना राहण्यास देण्यात यावी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्याला ती चिठ्ठी टोचली. मग टोपी काढून पुन्हा खुंटीला. आपण वेड्यांच्या घरात आलो की काय, असा विचार माझ्या मनात आला. पण दुसरं दार उघडं नव्हतं, म्हणून वेड्यांच्या घरात जेवले आणि राहिले.

पडवी त्यांच्या एकुलत्या एका मुलाची होती. तो मुंबईला गोदीत नोकरीला लागला होता. भिंतीवर त्याची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि खिडकीत त्याचा दाढीचा आरसा. शिमग्याला आला की तो ओटीवर झोपायचा. माझ्याशी अदबीने बोलायचा, आरसा मात्र सकाळी दार वाजवून मागून न्यायचा.

अण्णांची अंमलबजावणी हा गावात चेष्टेचा विषय होता. काकूंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, अण्णा बाजाराची यादी लिहायचे आणि यादीत जे आहे तेवढंच आणायचे. एकदा काकू मीठ सांगायला विसरल्या. घरातलं मीठ संपलंय हे अण्णांना माहीत होतं, दुकानात ते मिठाच्या पोत्याला टेकूनच उभे होते, तरी आणलं नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी अळणी वालाचं बिरडं खाल्लं. "डोळं फुटलं व्हतं काय तुमचं?" काकू कडाडल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "आज मी आपल्या मनाने मीठ आणलं, तर उद्या आपल्या मनाने मिरची बंद करीन. सुरुवात मिठापासूनच होते."

यादी पटली नाही तर ती एकदा परत पाठवायचा हक्क त्यांना होता. "पुन्हा विचार व्हावा," असं म्हणून ते कागद काकूंच्या पुढे ठेवायचे. काकू विचार बिचार न करता तीच यादी पुन्हा सांगायच्या. दुसऱ्यांदा आलेल्या यादीवर निमूट सही करायची, हा त्यांचा नियम. सुक्या बोंबलांची यादी दर आठवड्याला एकदा परत जायची आणि दर आठवड्याला बोंबील घरात यायचे.

मी राहायला येऊन महिना झाला असेल. अण्णा पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, आमच्याकडे कायदा करणारी आहे, राबवणारा आहे. भांडण झालं तर निवाडा करायला कुणी नाही."

"मग इतकी वर्षं काय करत होतात?"

"भांडत होतो," ते म्हणाले. "तुम्ही घरातल्या नाही आणि अगदी बाहेरच्याही नाही. न्यायाला असाच माणूस लागतो."

असं माझं कोर्ट उभं राहिलं. रविवारी दुपारी ओटीवर मला पाट, समोर दोन्ही पक्ष. अण्णा त्या वेळी बोडके बसायचे, कारण कोर्टापुढे हुकूम देणारा आणि बाकीचे सारखेच. सुनावणीच्या दिवशी काकूंनी मला भाजीची वाटी द्यायची नाही, असाही नियम होता. काकूंना हा नियम मुळीच मान्य नव्हता. "पोरीला उपाशी ठेवून कसला न्याव!" म्हणत त्या मुद्दाम स्वतःचा उपास येईल असा रविवार मागून घ्यायच्या, म्हणजे दोघी सारख्याच उपाशी.

सगळ्यात गाजलेला खटला मांजरीचा. तिने दूध सांडलं म्हणून अण्णांनी तिला हद्दपार करायचा हुकूम खिळ्याला टोचला, पोत्यात घालून गांधारी नदीपलीकडे सोडूनही आले. काकूंनी दाद मागितली. अण्णांनी तासभर बाजू मांडली, दुधाचं भांडं पुरावा म्हणून हजर केलं. मी निकाल दिला की भांड्यावर झाकण नव्हतं, सांडताना कुणी पाहिलं नाही, सबब हुकूम रद्द. अण्णा टुणकन उठले. "हरलो! बाई, साफ हरलो मी!" त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता. तेच रिकामं पोतं घेऊन नदीपलीकडे गेले आणि चार वाड्या फिरून मांजर परत घेऊन आले. माझ्या पहिल्या दहा निकालांतले सात त्यांच्या विरुद्ध होते, आणि सातही वेळा हा माणूस हरल्याचे पेढे वाटावेत इतका खूश झाला होता. मुलांना शिकवणाऱ्या बाईला एवढं दिसून काही उमजू नये, याची मला लाज वाटते.

पेढ्यांवरून आठवलं. माझ्या पहिल्याच वर्षी नवा कायदा अमलात आला आणि फौजदारी खटले चालवणारा न्यायाधीश मामलेदारापासून वेगळा झाला. तोवर महसूल गोळा करणारा, हुकूम सोडणारा आणि तो मोडला म्हणून शिक्षा देणारा एकच साहेब असायचा. त्या संध्याकाळी अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. यादीत पेढे नव्हते. आपल्या मनाने त्यांनी आणलेली ती एकच वस्तू. काकू न रागावता म्हणाल्या, "लिवा यादीत. मागनं लिवलं तरी चालंल." अण्णांनी लिहिलं आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याचं कारण मला सवला कळलं. काकूंच्या गुडघ्यांसाठी वर्षातून एकदा आम्ही सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचो. काकू पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. आम्ही दोघं जरा लांब दगडावर.

"रेशनचे दिवस होते," अण्णा म्हणाले. "तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. तांदूळ नदीपलीकडे न्यायला साहेबांनी बंदी केली होती. एका सकाळी साहेबांनी स्वतः एकाला उतारावर पकडलं. डोक्यावर दोन पायली तांदूळ. मुलगी बाळंतपणाला टेकलेली, तिच्या घरी निघाला होता. सकाळचा पंचनामा मी लिहिला. दुपारी तेच साहेब खुर्चीवर बसले आणि त्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, 'सायेब, धरलं तुमी, आन् न्याव बी तुमीच करनार. मंग मी सांगायचा कुनाला?' साहेब हसले. दीड महिना दिला. तो निकालही माझ्याच अक्षरात आहे, बाई. सकाळच्या आणि दुपारच्या कागदात फक्त जेवण झालं होतं."

"आणि ती मुलगी?"

"विचारायचा धीर झाला नाही." ते वाफेकडे पाहत पुढे म्हणाले, "त्याच आठवड्यात साहेबांच्या ओळखीचा एकजण तसाच तांदूळ नेताना सापडला. त्याला साहेबांनी सोडून दिलं. तोही कागद मी लिहिला. धरणं वाईट होतं, पण हे सोडणं त्याहून वाईट. हुकूम ज्याने काढला, त्याने तो आपल्या मर्जीने उचलायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा."

माझ्या चौथ्या वर्षी, शिमग्याच्या थोडं आधी, मुलाचं पत्र आलं. त्याने मुंबईत लग्न केलं होतं. चाळीतली मुलगी, आईबाप नसलेली, मामाकडे वाढलेली. आधी विचारलं तर नाही म्हणाल म्हणून विचारलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, टोपी घातली आणि चिठ्ठी लिहिली: 'याउपर त्याने या घराचा उंबरा ओलांडू नये.' लिहिताना टाक इतका दाबला की कागद फाटला. तो फाटका कागद त्यांनी तसाच खिळ्याला टोचला.

 तिसऱ्या दिवशी काकू अण्णांना म्हणाल्या, "लिवा. पोरगा आन् सून घरी येतील, असा कायदा लिवा."

"एका माणसासाठी कायदा होत नाही," अण्णा म्हणाले. मग खाली मान घालून, टोपीच्या काठावरून बोट फिरवत, "पण हुकमावर दाद मागता येते."

काकूंना वाट त्यांनीच दाखवली. हे मी पडवीतून कानांनी ऐकलं, आणि तरी मला त्यांची खाली घातलेली मान तेवढी दिसली. ती रागाने घातली आहे असं वाटलं.

काकूंच्या मनात मात्र निकाल आधीच लागला होता. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, पेन्सिलीच्या खुणांवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, ही पडवी त्यांना दोघांना लागंल. नवीन लगीन हाय, ओटीवर कशी झोपतील? तुला बघू कुठंतरी जागा. रागावू नको हां गो."

मी रागावले नाही. मी घाबरले. त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी चार घरं पालथी घातली. चारही दारांत तोच प्रश्न आणि तेच अर्धं दार. शेवटच्या घरची बाई तर म्हणाली, "आहात तिथे बरं चाललंय ना तुमचं?" मला भोरच्या भावाचं घर दिसायला लागलं, वहिनीच्या हाताखालचा स्वयंपाक दिसायला लागला. चांगली चार वर्षं मी स्वतःच्या पायावर उभी होते.

रविवारी कोर्ट बसलं. अण्णा बोडके. काकू नेहमी बसून बोलायच्या, त्या दिवशी उभ्या राहिल्या.

"बाई, मी काय सांगनार? त्यानं लगीन केलं, चोरी नाय केली. सुनेचं तोंड मी बघितलेलं नाय. मला ते बघायचं हाय. येवढंच."

मी अण्णांकडे पाहिलं. मांजरीसाठी तासभर बोललेला माणूस. त्यांनी हुकूम वाचून दाखवला, कागद घडी करून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझं आणखी काही म्हणणं नाही." आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी त्या नजरेचा अर्थ, त्यांना हुकूम कायम हवा आहे, असा लावला. खरं सांगायचं तर तो अर्थ मला सोयीचा होता. त्यांना हवं तेच आपण देतोय, असं म्हटलं की माझी पडवी त्यात कुठेच येत नव्हती.

मी वहीच्या पानावर लिहिलं आणि वाचलं: 'आईवडिलांना न कळवता लग्न करणं हा त्यांच्या विश्वासाचा भंग आहे. हुकूम कायम.'

अण्णांनी पान हातात घेतलं. पुन्हा वाचलं. "कायम," ते म्हणाले. टोपी घातली, ओटीच्या पायऱ्या उतरले आणि नदीकडे चालत गेले. काकू उभ्याच होत्या. "याच्या वर कुठं इचारायची सोय नाय ना?" त्यांनी मला विचारलं. "नाही," मी म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी चहा केला आणि सुनावणीचा दिवस असूनही माझ्यासमोर कप आणून ठेवला. काकूंनी नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला. तो चहा मी प्याले.

मुलाला पत्र अण्णांनी स्वतः लिहिलं. निकालाची नक्कल जोडली. त्याची पत्रं येत राहिली, अण्णा ती काकूंना वाचून दाखवत, उत्तरंही लिहीत. पण तो आला नाही, कारण बापाचाच मुलगा होता. बाकीच्या चिठ्ठ्या खिळ्यावर येत होत्या, जात होत्या. ती एक फाटकी चिठ्ठी दोन पावसाळ्यांत पिवळी पडली. मला कितीदा वाटलं, उठावं आणि म्हणावं, मी चुकले. पण तसं म्हटलं तर का चुकले, हेही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या पावसाळ्यात काकूंना विषमज्वर झाला. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी पोस्टात जाऊन मुंबईला तार केली. अण्णांना विचारलं नाही. काकू दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. तो आणि त्याची बायको सकाळी नऊच्या सुमारास एस.टी.ने पोचले. अंगण माणसांनी भरलं होतं. तो पायऱ्या चढून वर आला आणि उंबऱ्यापाशी थांबला. आत आई दिसत होती. तो थांबलाच. मागे ती मुलगी, हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर घेऊन भिजत उभी.

"अरे, ये ना आत!" कुणीतरी ओरडलं. त्याने बापाकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "कोर्ट बसलंय का?"

"बसलंय, अण्णा."

"मग सांगा."

"हुकूम रद्द," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांना आला. त्यांनी चिठ्ठी ओढली तर खिळाही भिंतीतून निघून आला. सून त्या घरात पहिल्यांदा आली ती सासूच्या पायांशी बसायला. तिने काकूंचं तोंड पाहिलं. काकूंनी तिचं नाही पाहिलं.

तेरावं झाल्यावर दोघं परत निघाले. मी ट्रंक भरून ठेवली होती. मुलाला म्हटलं, मी जाते, तुमची पडवी तुम्हाला. तो म्हणाला, "राहू दे, बाई. आता कुणाला लागायची आहे ती?" त्याने खिडकीतला आरसा तेवढा नेला.

पुढच्याच वर्षी मी पोलादपूरला बदली मागून घेतली. महाड तिथून काही लांब नाही, पण सहा वर्षांत मी तीनदाच गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ओटीवर एकटेच बसले होते. टोपी खुंटीला होती, तिच्यावर धूळ. भिंतीत खिळ्याच्या जागी भोक तसंच.

"मुंबईला का जात नाही मुलाकडे? तो बोलावतो ना?"

"बोलावतो. जाईन." ते हसले. "बाई, खरं सांगू? मला या घराची भीती वाटते. आता काय शिजवायचं ते मीच ठरवतो, आणतो मीच आणि बरं झालं की वाईट तेही मीच सांगतो. एका माणसाच्या हातात सगळं आलं. परवा मी यादीशिवाय मीठ आणलं, मला कुणी काही बोललं नाही."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "अण्णा, त्या रविवारी मी तुमच्या मुलाचा विचार केलाच नव्हता. मी पडवीचा विचार केला होता. तो आला असता तर मला जागा नव्हती."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"निकालाचं पान हातात घेतलं तेव्हापासून. तुमचं अक्षर थरथरलं होतं. चूक माझी, बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या वेगळ्या करा म्हणत राहिलो आणि माझा न्यायाधीश मी मुलाच्याच खोलीत ठेवला. तो हुकूम तुम्ही रद्द कराल म्हणून मी आठवडाभर देव पाण्यात घालून बसलो होतो."

मी रडत होते. "मग तेव्हाच का बोलला नाहीत, अण्णा? एक शब्द बोलला असतात तर मी तो कागद तिथेच फाडला असता."

त्यांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं.

"हरलेल्याने तक्रार करायची असते, बाई," ते म्हणाले. "मी जिंकलो होतो."